आठ लाखांतले वीस बाट

१

चोरानं आठ लाखांना हात लावला नाही. नेले ते फक्त वीस बाट.

ओराथाय बाईंना आधी हसूच आलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी व्हरांड्यात बसून कच्चा आंबा तिखटमिठात बुडवून खाणं हा त्यांचा मुख्य उद्योग, आणि आज त्यात बिर्टा आडवी आली. उंच, लालबुंद, घामाघूम, पांढऱ्या केसांचा बुचडा सुटलेला. तिनं बँकेचं पासबुक थेट आंब्याच्या बशीवर आपटलं.

"हसा! शुक्रवारी मला देशाबाहेर काढतायत, आणि तुम्ही खुशाल हसा!"

"अगं, बस तर आधी. वीस बाटमध्ये आजकाल वाटीभर नूडल्स तरी येतात का?"

"तेच मी इमिग्रेशनच्या त्या कॅप्टनला म्हटलं. तर तो म्हणतो, मॅडम, नियम."

नियम बाईंना ठाऊक होता. समुद्राकाठच्या पाकसैमधल्या प्रत्येक म्हाताऱ्या परदेशी माणसाला तो पाठ. पेन्शनीवर थायलंडात राहायचं तर दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची, आणि त्यासाठी बँकेत स्वतःच्या एकट्याच्या नावावर आठ लाख बाट दाखवायचे. अर्जाच्या आधी निदान दोन महिने ते तिथं गपगुमान पडून राहिले पाहिजेत. एक दिवससुद्धा खाली येता कामा नये.

बिर्टाचे खाली आले होते. जानेवारीच्या मध्यावर कुणीतरी वीस बाट कापले, आणि तेव्हापासून फेब्रुवारी संपत आला तरी आकडा तिथंच लंगडत होता.

"तुला किती वेळा सांगितलं, वर थोडे ठेवत जा म्हणून?"

"कायद्यात आठ लाख लिहिलंय. नऊ लाख नाही लिहिलेलं. मी एक बाट जास्त ठेवणार नाही!"

बिर्टा म्हणजे हे असं होतं. तिकडे डेन्मार्कमध्ये ती समुद्रावरच्या फेरीबोटीत स्वयंपाकीण होती. वीस वर्षांपूर्वी सुटीत इथं आली, सनान नावाच्या माकूळ पकडणाऱ्या कोळ्याच्या प्रेमात पडली आणि परत गेलीच नाही. सनान होता तोवर ती थाई माणसाची बायको, तिला कुणी पैशाचं विचारत नव्हतं. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि कचेरीनं सांगितलं, आता तुम्ही निवृत्त परदेशी, आठ लाख आणा. तिनं तिकडचं जुनं घर विकलं, मोजून आठ लाख बँकेत फेकले. सहामाही व्याज जमा झालं की त्याच आठवड्यात ती ते काढायची आणि सगळ्या गल्लीला मासे भाजून घालायची. म्हणायची, आठ लाख सरकारनं बघत बसावेत, व्याज माझी गल्ली खाईल.

"बाहेर जाऊन परत येता येतं की," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आधीच पडला होता.

"आणि घर?" बिर्टा म्हणाली.

घराचाच तर प्रश्न होता. जमीन सनानच्या थोरल्या बहिणीच्या, लामयच्या नावावर. सनाननं मरताना लिहून ठेवलं होतं की बिर्टा पाकसैत राहते तोवर घर तिचं. तिनं गाव सोडलं की घर लामयचं. आणि लामय आणि बिर्टा या नणंद-भावजया चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

बिर्टा खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, "माझ्याकडे पैसे काढायचं कार्ड नाही, बाई. पासबुक माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. मग माझ्या खात्यात हात घातला कुणी? आणि नेमके एवढेच का नेले?"

बाईंनी आंब्याची बशी बाजूला सारली. एवढेच, कारण तेवढे पुरे होते. हे करणारा पैसे चोरत नव्हता. तो बिर्टाला घालवत होता.

२

बँकेच्या मॅनेजर जिन्तनाबाई म्हणजे अंगावर सुरकुती नसलेला गणवेश आणि तोंडात मुख्य कचेरीचं नाव.

"ही कपात आमच्या यंत्रातून झालेली नाही. यंत्र शंभराच्या खाली नोट देतच नाही. ही खातेदारानं लेखी दिलेल्या संमतीवरून परस्पर झालेली कपात आहे. अमुक संस्थेनं मागितले की आम्ही द्यायचे."

"कसली संस्था? मी कुणाला संमती दिली नाही!" बिर्टा इतक्या जोरात म्हणाली की रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या.

"सही तुमची आहे, मॅडम. जुळवूनच घेतली जाते."

"संस्थेचं नाव सांगा ना मग," बाई म्हणाल्या.

"इथं फक्त क्रमांक दिसतो. कागद बँकॉकला आहे. अर्ज द्या, पंधरा दिवसांत प्रत येईल."

"शुक्रवारी हिची मुदत संपते हो."

"मी काय करू, बाई? तुम्ही नाव सांगितलंत तर मी फोन करून हो की नाही एवढं विचारू शकते. नाव शोधून देणं माझ्या हातात नाही."

बाहेर आल्यावर बिर्टा बाईंच्या स्कूटरच्या जोडगाडीत बसली आणि गुडघ्यांवर मुठी आपटत राहिली. तिला थाई फर्डं बोलता येई, शिव्यांसकट. वाचता मात्र अक्षर येत नसे. बाईंनी विचारलं, "खरं सांग. न वाचता तू सह्या कुठं कुठं करतेस?"

"सगळीकडेच! मला काय वाचता येतं?"

"माझ्यापुढं आणलेले कागद सोडून दे. बाकी?"

बिर्टा गप्प झाली. ती गप्प झाली की काहीतरी असतंच, हे बाईंना पक्कं माहीत होतं. पण ती म्हणाली ते भलतंच. "पिसितकडे जा. तो मेला वर्षभर माझ्यावर डूख धरून बसलाय."

३

घड्याळाच्या मनोऱ्यासमोर पिसितचं दुकान. परदेशी लोकांची मुदतवाढ करून देणारा एजंट, गळ्यात सोन्याची साखळी, टेबलावर काचेच्या पेटीत झुंजीचे मासे. एकेकाळी बाईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

"या, या, बाई! बर्फ घालून चहा?"

"चहा नको. बिर्टाचं ऐकलंस ना?"

"सगळ्या बाजारानं ऐकलं. वाईट वाटलं." वाईट वाटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "पण बाई, खरं सांगू? त्या बाईनं माझ्या पोटावर पाय दिला. समोरच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायची आणि माझ्या गिऱ्हाइकांना सांगायची, त्या लुच्च्याकडे जाऊ नका, फॉर्म मी दाखवते, फुकट. निम्मी गिऱ्हाइकं गेली माझी."

"फुकट सांगणं गुन्हा आहे का?"

"नाही ना. म्हणून तर मी काही केलं नाही." तो हसला. "उलट अजूनही मदत करीन. तिची पहिल्या वर्षीची फाईल आहे माझ्याकडे, पासबुकाच्या नकलेसकट. शुक्रवारच्या आत काम करून देतो. दुसरं खातं, त्यात आठ लाख एक दिवस ठेवायचे, दुसऱ्या दिवशी काढायचे. फी तेवढी चोख."

"म्हणजे तिचे खरे आठ लाख चालत नाहीत आणि तुझे खोटे चालतात?"

"तिच्या खऱ्यांत वीस कमी आहेत, बाई. माझे खोटे पुरते असतात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हा माणूस बिर्टाची सही आणणार कुठून? बिर्टा त्याच्या हातचा कागद सहीसाठी घेण्याऐवजी त्याच्या तोंडावर फेकेल.

बाई निघाल्या तेव्हा टेबलाच्या कोपऱ्यावरचा पत्र्याचा पांढरा डबा पिसितनं उचलून पिशवीत घातला. विहाराचं चित्र काढलेला, झाकणाला फट असलेला मयत फंडाचा डबा. गावात कुणी गेलं की प्रत्येक सभासदानं वीस बाट टाकायचे, त्यातून त्या माणसाचं दहन, भिक्खूंचं जेवण, सगळं थाटात. पाकसैत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बाईंनी स्वतः जन्मभर त्या डब्यात वीस वीस टाकले होते.

"उद्या थोंगयू आजीचं आहे ना," पिसित म्हणाला. "फंडाचं काम आपल्याकडेच. तेवढंच पुण्य."

पुण्य! बाई मनात म्हणाल्या, तुला त्याची गरज आहेच म्हणा.

४

लामय घरामागं बांबूच्या ताटव्यांवर माकूळ वाळत घालत होती. सत्तरीची, काटक, तोंडात सुपारी, कपाळावर कायमची आठी.

"तिच्यासाठी आलीस ना?" तिनं मागं न बघताच विचारलं.

"तिला शुक्रवारी जावं लागेल, लामय."

"जाईना."

"मग घर तुझं होतं."

"होतंच. सगळ्या गावाला माहीत आहे. त्यात लपवायचं काय?" लामयनं एक माकूळ फटकन उलटा केला. "मी तिला घालवलं असं म्हणायचंय का तुला? म्हण. तोंडावर म्हण."

"तुमचं भांडण तरी काय आहे गं एवढं? चार वर्षं झाली."

लामयच्या हातातलं काम पहिल्यांदाच थांबलं. "विहाराच्या भिंतीत आमच्या आईची राख आहे, बापाची आहे. सनानची जागा तिथं राखून ठेवलेली. आणि हिनं काय केलं? पहाटे होडी घेतली आणि माझ्या भावाला माशांना घातलं! मला विचारलं नाही. चिमूटभर ठेवली नाही."

"त्यानंच तसं सांगितलं होतं म्हणते ती."

"ती म्हणते!"

बाईंनी विषय बदलला. "परदेशी माणूस आपल्या जागेत राहतो, तर दरवर्षी मालकाला कागद द्यावा लागतो ना कचेरीत? तो तर तुलाच द्यावा लागत असेल. तिची सही कशी घेतेस, बोलणं नाही तर?"

"पिशवीत घालून तिच्या फाटकाला टांगते. ती सही करून परत टांगते. तोंड बघायला नको आणि बोलायला नको."

"वाचून बघते?"

"तिला वाचता कुठं येतं?"

असं म्हटलं आणि लामयनं एकदम मान खाली घातली. मग ती माकुळांची टोपली उचलून आत गेली, आणि दार लावल्याचा आवाज आला.

बाई तिथंच उभ्या राहिल्या. बिर्टाकडून न वाचता सही मिळवू शकणारी माणसं जगात दोनच होती. एक त्या स्वतः. दुसरी ही, आणि घर हिलाच मिळणार होतं.

५

"चेटकीण!" बिर्टा किंचाळली. "मला माहीत होतं! जाते आणि तिचे ताटवे मोडून येते!"

"बस खाली."

"नाही बसत! मी या घरात त्याला भरवलंय, धुतलंय, शेवटी उचलून बाथरूमला नेलंय. तेव्हा कुठं होती ती? मी जाणार नाही, बाई. कॅप्टनला सांगा, चार पोलीस पाठव, सहा पाठव. मी दाराला धरून बसेन. इथून हलले तर नावाची बिर्टा नाही!"

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. एवढी मोठी बाई, पण डोळे पुसताना तिला पदर नाही, रुमाल नाही, मनगटानंच पुसत राहिली. बाईंना भडभडून आलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मनाशी ठरवलं की बघतेच मी हिला कोण हलवतं ते.

पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. लामयला बिर्टाला घालवायचंच असतं, तर दरवर्षीचा मालकाचा कागद दिला नसता की झालं. तिथंच सगळं अडलं असतं. कसली बँक आणि कसले वीस बाट? त्यासाठी इतकी वाकडी वाट कोण धरेल?

दुसऱ्या दिवशी थोंगयू आजीचं दहन. विहाराच्या अंगणात सगळं गाव काळ्या-पांढऱ्या कपड्यांत. भिक्खूंचं पठण संपलं, मोठ्या कढयांतून रस्सा वाढायला सुरुवात झाली, आणि पिसित डबा घेऊन रांगेरांगेनं फिरू लागला. खुळखुळ, सरसर. बाईंनी आपली वीसची हिरवी नोट टाकली. मग डबा पुढच्या रांगेत लामयपाशी गेला.

लामयनं फटीतून एक हिरवी नोट सारली. मग इकडं तिकडं पाहिलं आणि दुसरी सारली.

बाईंचा घास तोंडातच राहिला. लामयचं लग्न झालं नव्हतं. आईबाप गेले, भाऊ गेला. तिच्या घरात ती एकटी. मग दुसरी नोट कुणाची?

६

विहाराच्या स्वयंपाकघरामागं, भांड्यांच्या ढिगाशी बाईंनी तिला गाठलं.

"दुसरे वीस कुणाचे, लामय?"

"कसले?"

"मी चाळीस वर्षं मुलांना कॉपी करताना पकडलंय. माझ्यापुढं नको."

लामयनं सुपारी थुंकली. बराच वेळ तिनं ताटं उगाच एकात एक रचली. मग म्हणाली, "तिचे."

"बिर्टाचे?"

"सनान गेला त्याच महिन्यात तिचं नाव फंडात घातलं. प्रत्येक मयताला माझे वीस, तिचे वीस. तिचं इथं कोण आहे? मेली तर सरकारी गाडीतून नेतील आणि कुठंतरी उरकतील. भाऊ तर हातचा गेला. निदान हिला तरी नीट जाळून भिंतीत बसवीन म्हटलं. माझ्या शेजारी."

"आणि तिला सांगितलं नाहीस?"

"जितीजागती बाई, तिला काय सांगू? तुझ्या सरणाची सोय केलीय म्हणून? आणि बोलते कोण तिच्याशी!"

"बँकेचा कागद कुठून आला?"

आता मात्र लामयचा चेहरा पार उतरला. "जानेवारीत पिसित म्हणाला, मावशी, नवा नियम आलाय. परदेशी सभासदांचे पैसे आता बँकेतूनच कापायचे. कागद भरून त्यानंच दिला, म्हणाला फक्त सही आण. मी पिशवीत टाकला. त्याच आठवड्यात ढोलकीवाला खाम वारला." तिनं ताट खाली ठेवलं. "सोमवारी बाजारात ऐकलं, वीस बाट कमी पडले. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. बोलले असते तर सगळे म्हणाले असते, घरासाठी लामयनंच केलं. तूसुद्धा तेच म्हणत होतीस ना काल?"

"म्हणत होते," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं. पण मग आज रोख का दिलेस?"

"पिसितच म्हणाला. बँकेचं काहीतरी अडलंय म्हणे, परत रोखच द्या."

बाई एकदम ताठ झाल्या. खामच्या नंतर गावात आणखी एक मयत झालं होतं, मीठवाल्याचं. "त्या मीठवाल्याच्या वेळी?"

"तेव्हाही रोखच."

बाईंनी लामयचा ओला हात घट्ट धरला. "शुक्रवारी सकाळी माझ्याबरोबर कचेरीत यायचं. सगळ्यांसमोर बोलायचं."

"मी नाही बोलणार."

"मग ती जाईल आणि तुझी भिंत रिकामी राहील. ठरव."

७

शुक्रवारी इमिग्रेशन कचेरीत नेहमीसारखी गर्दी. पिसित आपल्या तीन गिऱ्हाइकांना घेऊन पहिल्या बाकावर, मांडीवर फायली. कॅप्टन अनन तरुण, बँकॉकहून नुकताच आलेला, टेबलावर सगळं एका रेषेत लावून बसणारा. बिर्टानं सनाननं घेतलेला निळा रेशमी झगा घातला होता. बाईंनी तिला एवढंच सांगितलं होतं, चोर सापडला, तोंड बंद ठेव. लामयला दारात बघून तिच्या मुठी वळल्या, पण तोंड बंद राहिलं.

"बाई, मी सोमवारीच सांगितलं," कॅप्टन म्हणाला. "शिल्लक कमी आहे."

"कमी का झाली ते ऐकायला नियमाची मनाई नाही ना?" बाईंनी वर्गात बोलत तशा आवाजात सुरुवात केली आणि बाकांवरची कुजबुज थांबली. "हे वीस बाट मयत फंडात गेले. हे नाव काल मी बँकेला सांगितलं आणि बँकेनं हो म्हटलं. आता फंडाचं ऐका. गावात शेकड्यांनी सभासद. सगळे पैसे डब्यात रोख टाकतात. आजवर बँकेतून एकाच सभासदाचे कापले गेले, हिचे. तेही एकदाच, ढोलकीवाल्या खामच्या वेळी. का? तर म्हणे परदेशी सभासदांसाठी नवा नियम. मला सांगा, नियम खरा असता तर त्यानंतरच्या मयताला हिचे बँकेतूनच कापले असते. परवा थोंगयू आजीचं दहन झालं, तेव्हाही कापले असते. ते तर परत डब्यात घेतले. म्हणजे नियम एका मयतापुरता होता. ज्याला फक्त एकदाच कापायचे होते त्यानं तो केला, कारण एकदा कापले की काम झालं होतं. व्याज काढून मासे भाजले की हिच्या खात्यात आठ लाखांवर छदामही उरत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण हिचा खाते क्रमांक कुणाकडे? ही कचेरी सोडली तर पासबुकाची नक्कल एकाच फायलीत आहे. आणि डबा कुणाच्या हातात असतो?"

सगळ्यांच्या माना पिसितकडं वळल्या.

"काहीतरीच काय, बाई!" तो उठला. "सही तिची आहे. तिनंच केलीय. मी कुणाच्या हाताला धरून सही घेतली का?"

"हा मुद्दा बरोबर आहे," कॅप्टन म्हणाला. "सही मॅडमची आहे. मग फसवणूक कसली?"

बाईंनी दाराकडं पाहिलं. लामयनं पायातल्या चपलांकडं पाहिलं. मग ती पुढं आली, एकेक शब्द उपटून काढल्यासारखं बोलू लागली.

"कागद मी टांगला. घराच्या कागदात घालून. यानं दिला म्हणून. तिला काही माहीत नव्हतं. चार वर्षं तिचे वीस मीच भरतेय, तिला जाळायला."

बिर्टाचं तोंड उघडं राहिलं. "मला काय करायला?"

"जाळायला! मेल्यावर! इथं, आपल्या विहारात, आपल्या माणसांसारखी. कळलं?" लामय तिच्यावर ओरडली. चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य. "आणि यानं त्याचाच फास करून तुझ्या गळ्याला लावला. माझ्या हातानं!"

"वीस बाट आहेत ते, वीस!" पिसित म्हणाला. "वीस बाटसाठी कोण तक्रार घेणार आहे?"

"वीस बाटसाठी तू एका म्हातारीला घरातून काढत होतास," बाई म्हणाल्या. "तेव्हा ते पुरेसे होते ना? मग तक्रारीलाही पुरतील."

पिसितच्या तिन्ही गिऱ्हाइकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि त्याच्या मांडीवरून घसरलेल्या आपापल्या फायली उचलून घेतल्या.

आता बाईंनी बोलावून आणलेल्या बँक मॅनेजर जिन्तनाबाई पुढं आल्या, तोच कडक गणवेश, पण घसा खाकरत. खातेदार समोर नसताना एजंटाच्या हातून आलेली संमती शाखेनं स्वीकारली, ती चूक बँकेची. रक्कम कापली त्याच तारखेनं परत जमा केली आहे. म्हणजे बँकेच्या मते शिल्लक कधी कमी झालीच नाही. असं पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं.

कॅप्टननं पत्र वाचलं. परत वाचलं. पेन सरळ केलं. "तरीसुद्धा... माझ्या वरिष्ठांनी विचारलं तर..."

तिथं बिर्टाच्या तोंडाचा बांध फुटला.

"तर माझं नाव सांगा! सांगा, एक बाई आहे, ऐकत नाही. अहो, या गावानं चार वर्षं मला जाळायचे पैसे घेतले! ज्याच्या त्याच्या मयताला माझे वीस बाट गेले. खामच्या सरणात माझं लाकूड आहे, थोंगयू आजीच्या सरणात माझं लाकूड आहे. मरायला मी गावची चालते, मग तोवर जगायला का चालत नाही? मी हात जोडणार नाही आणि फी देणार नाही. माझे पैसे खरे, माझा नवरा खरा होता, आणि ही माझी नणंद, कजाग आहे, पण खरी आहे! मारा शिक्का!"

मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या परदेशी माणसानं टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं. कॅप्टनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं बँकेचं पत्र अर्जाला टाचलं, पासपोर्ट उघडला आणि शिक्का मारला.

पिसितला आतल्या खोलीत बसवलं होतं. पत्र्याचा डबा विहाराच्या मुख्य भिक्खूंकडं परत गेल्याचं दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन रणरणत होतं. बिर्टा पासपोर्ट छातीशी धरून उभी होती, लामय तिच्यापासून दोन हात लांब. बाई मुद्दामच स्कूटरची किल्ली शोधत राहिल्या.

"त्यानंच सांगितलं होतं, पी," बिर्टा म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं पी म्हणाली. "समुद्रातच टाक म्हणाला. तुम्हाला विचारायला हवं होतं मी. तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून नाही विचारलं."

लामयनं डोळ्याला खांद्यावरचा पंचा लावला. "नाहीच म्हणाले असते."

"आणि मलाही समुद्रातच टाकायचं. भिंतीबिंतीत नाही."

"पैसे मी भरलेत. भिंतीत."

"मेले तरी बसणार नाही मी भिंतीत! कोंडून घालता काय मला?"

"तेव्हा तू बोलणार आहेस का? मी बसवीन तशी बसशील."

"मग मी तुमच्या आधी मरणारच नाही!"

"बघते ना कशी मरत नाहीस ते," लामय म्हणाली, आणि जोडगाडीत आधी स्वतः चढून तिनं बिर्टासाठी बाजूला सरकून जागा केली. "वर्षभराची मुदत मिळालीय. बस आता, घरी जाऊन भांडू."